एका कुर्त्यात वर्धा ते सेवाग्राम

देवघरात वातींसाठी ठेवलेला कापूस असेल ना तुमच्याकडे? त्यातला चिमूटभर घ्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. सुटला! जोर लावावाच लागला नाही. आता तेवढाच कापूस पुन्हा घ्या, पण या वेळी ओढता ओढता एका टोकाला बोटांनी पीळ देत राहा. तीन-चार इंचांचा दोरा झाला की थांबा, आणि मग ओढून बघा.

तुटत नाही. बोटाला काचतो, पण तुटत नाही. कापूस तोच, बोटं तीच. मध्ये डिंक नाही, गाठ नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी लाखो वाती वळताना, गणपतीसाठी वस्त्रमाळा करताना हेच केलं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मला मात्र हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कारण माझ्या कपाटात वर्ध्याच्या खादीचा एक कुर्ता आहे, डाळिंबाच्या सालीत रंगवलेला, हळदीपेक्षा जरा मळकट पिवळा. हातानं कातलेला, हातानं विणलेला. आणि तो अख्खा कुर्ता त्या चिमूटभर कापसाच्या जादूवरच उभा आहे.

ती जादू कुठून येते, हे बघायचं तर आधी वर्ध्याच्या काळ्या मातीत, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, रांगेत उभं राहायला हवं.

दिवाळीच्या आगेमागे इथल्या शेतांत बोंडं फुटायला लागतात. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करायची विदर्भातली जुनी रीत आहे. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. तो पांढराशुभ्र पुंजका हातात घेऊन एक तंतू वेगळा काढा. साधारण इंचभर लांब. हा तंतू म्हणजे काय असेल? अनेक पेशींची माळ? नाही. तो सबंध तंतू म्हणजे एकच पेशी आहे!

सरकीच्या सालीवरची एक सूक्ष्म पेशी. फूल उमलतं त्या दिवशी ती लांब व्हायला सुरुवात करते आणि जवळजवळ तीन आठवडे लांबतच राहते. शेवटी तिची लांबी जाडीच्या दीड-दोन हजार पट होते. हा तंतू शिसपेन्सिलीएवढा जाड असता, तर त्याच प्रमाणात चार मजली इमारतीएवढा उंच झाला असता. आणि एका सरकीवर अशा दहा-पंधरा हजार पेशी, खांद्याला खांदा लावून.

लांबणं संपत आलं की पेशी आतून भिंत बांधायला घेते. सेल्युलोजचा थर, त्यावर दुसरा थर. दिवसा ऊन, रात्री गारवा, त्यामुळे रोजच्या थराची वीण थोडी वेगळी पडते. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वलय असतं, तसं कापसाच्या तंतूत दिवसाचं एक वलय! सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद बघितला तर ही वलयं दिसतात. म्हणजे माझ्या कुर्त्याच्या प्रत्येक तंतूत वर्ध्याच्या कुठल्या तरी शेतातले पंचवीस-तीस दिवस आणि रात्री घडी घालून ठेवलेल्या आहेत.

मग बोंड फुटतं. उन्हानं आतला रस आटतो आणि इतके दिवस नळीसारखी गोल असलेली ती पेशी चपटी पडते. चपटी पडताना सरळ राहत नाही, फितीसारखी पिळत जाते. थोडी उजवीकडे, मग मध्येच डावीकडे, पुन्हा उजवीकडे. कापसाच्या तंतूला पीळ पडतो तो इथे, झाडावरच, माणसाचा हात लागायच्या आधी. या वेड्यावाकड्या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्याला बिलगतो.

तो पीळ नसता तर? त्याचंही उत्तर वर्धा जिल्ह्याच्या रानातच आहे. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली काटेसावर बघितली असेल. तिच्या बोंडांतही कापूस असतो, आपल्या कापसाहून मऊ, रेशमासारखा चमकदार. पण सावरीचं लुगडं कुणी नेसलेलं ऐकलंय का? सावरीच्या कापसाची उशी होते, गादी होते, सूत होत नाही. तिचा तंतू गुळगुळीत, पातळ भिंतीचा, पोकळ. एकावर एक ठेवला की घसरतो. इतका देखणा कापूस, पण बिलगायला तयार नाही, म्हणून बिचारा उशीत गेला.

या मातीतल्या कापसाची कीर्ती एकेकाळी पार इंग्लंडात पोचली होती. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि बाजारात वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचं नाव चढ्या भावानं उच्चारलं जाऊ लागलं. हिंगणघाटची बणी ही देशी कापसाची जात मऊ आणि बारीक तंतूसाठी नावाजलेली होती. ब्रिटिशांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा खास आयुक्तच नेमला, रिव्हेट-कार्नाक त्याचं नाव. पण गिरण्यांची यंत्रं अमेरिकेच्या लांब तंतूंना सोयीची होती आणि पुढे देशी वाण मागे पडत गेले. यंत्राला न मानवणारा तंतू वाईटच असतो असं नाही. चरख्यावर चालणाऱ्या बोटांना आखूड तंतूही वळवता येतो. माझ्या मते हातसुताचं मोठेपण निम्मं तरी इथेच आहे.

आता पुन्हा त्या वातीकडे. आपण पीळ दिल्यावर ती तुटेनाशी का झाली?

हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात तो विचारतो, की दोरीतले तंतू जेमतेम दोन-तीन हातांचे, मग शंभर हातांची दोरी एवढा भार कशी पेलते? त्यानं उत्तरही पिळातच शोधलं. आणि गंमत बघा, २०१८ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी याच विषयावर शोधनिबंध लिहिला, कपडे सुटून का पडत नाहीत हे समजून घ्यायला. जवळजवळ चार शतकांच्या अंतरानं तोच प्रश्न!

उत्तर समजायला दोन जाड वह्या घ्या. एकीचं पान, त्यावर दुसरीचं पान, पुन्हा पहिलीचं, असं पत्ते पिसल्यासारखं सगळं एकमेकांत घाला. आता दोघांनी दोन बाजूंनी वह्या ओढा. घरातले दोन दांडगे पुरुष लावलेत तरी सुटायच्या नाहीत. एका पानाचं घर्षण नगण्य, पण शेकडो पानांचं एकत्र झालं की त्याची ताकद बेसुमार वाढते, आणि ओढाल तितकी पानं एकमेकांवर आणखी दाबली जातात. सुतात तेच होतं. पिळामुळे तंतू जिन्याच्या वळणांसारखे गोल फिरत जातात. सूत ओढलं की ही वळणं आत आवळतात, तंतू तंतूवर दाबला जातो, घर्षण वाढतं. म्हणजे तुटण्यासाठी लावलेला जोरच त्याला बांधून ठेवतो! पीळ थोडा असेल तर सूत सुटतं. वाढवत नेला की एका टप्प्यावर चित्र एकदम पालटतं: आता तंतू मोडेल, पण घसरणार नाही.

हा पीळ देण्यासाठी माणसानं काय केलं? एक सळई फिरवली. चरख्याची चाती म्हणजे शेवटी एक टोकदार सळईच. मोठं चाक, त्यावरून माळ, माळेनं फिरणारी चाती. चाकाचा व्यास दोन फूट आणि चातीवरच्या गिरकीचा अर्धा इंच धरला, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ४८ वेळा फिरते. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या हाताखाली घडलेल्या पेटी चरख्यात एकाला जोडून दुसरं चाक आहे, त्यामुळे वेगाचा गुणाकार होतो, आणि काम झालं की सगळं पुस्तकासारखं मिटून ठेवता येतं.

पण खरी कमाल पुढे आहे. चाती एकच, तीच सूत वळते आणि तीच गुंडाळते. कसं? निव्वळ हाताच्या कोनावर. सूत चातीच्या टोकाकडून तिरकं धरलं, की प्रत्येक फेऱ्याला ते टोकावरून सटकतं आणि एक पीळ पडतो. तेच सूत चातीला काटकोनात आणलं, की ते चातीवर गुंडाळलं जातं. कळ दाबायची नाही, दांडा ओढायचा नाही, नुसता हात हलवायचा. डावा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, घेऊन मागे जातो, सूत लांबतं, मग हात वर, मग पुढे. कातणाऱ्या बाईकडे पाच मिनिटं बघत बसा. ती नाचते आहे आणि चाक ताल धरतं आहे असंच वाटेल.

शिकताना माझं सूत हमखास तुटायचं. कुठे सुतळीएवढं जाड, कुठे केसाएवढं. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "घाबरू नका, पीळ जाऊ द्या, तो आपली जागा शोधतो." मला ते नुसतं धीर देणं वाटलं. पण ते अक्षरशः खरं आहे! पीळ आधी पातळ जागेकडे धावतो, कारण पातळ जागा पिळायला सोपी. तिथे पीळ बसला की ती जागा घट्ट होते, आणखी लांबत नाही. जाड जागेत पीळ कमी, म्हणून ओढताना तीच लांबते आणि बारीक होते. म्हणजे सूत स्वतःला स्वतःच सारखं करत जातं. हे कुणी ठरवलेलं नाही, कापसाच्या आणि पिळाच्या स्वभावातच ते आहे.

आणि या कलेसाठी वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी कुठली? १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी आपली बाग ग्रामोद्योगांच्या कामासाठी दिली, तिचं नाव मगनवाडी झालं. साबरमतीला खादीच्या कामात स्वतःला झोकून देणाऱ्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी विनोबा भावेंच्या प्रेरणेनं ग्राम सेवा मंडळ उभं राहिलं. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला गेले, त्याचं पुढे सेवाग्राम झालं. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते ३० डिसेंबर १९३८ला झालं. त्याआधी, १९२९ साली खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अट काय, तर खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे, बाईला आठ तास न थकता चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांवर नको. देशभर डोकी कामाला लागली, पण बक्षीस कुणालाही मिळालं नाही. त्या साध्या दिसणाऱ्या चाती-चाकाहून सरस असं काही, तितक्याच साधेपणानं करणं किती अवघड, हे त्यातून कळतं.

आता हिशेब करू, कारण माझे डोळे विस्फारले ते इथे. साध्या खादीत एका इंचात ४४ उभे आणि ४४ आडवे धागे धरा. पन्हा ३६ इंच. एक मीटर कापडात उभे धागे १५८४, म्हणजे ताणा झाला १५८४ मीटर. बाणाही जवळजवळ तेवढाच. एक मीटर कापडाला सव्वातीन किलोमीटरच्या जवळपास सूत! बायकांच्या कुर्त्याला अडीच मीटर कापड लागतं. म्हणजे झाले आठ किलोमीटर. वर्ध्याहून सेवाग्राम आश्रम आठ किलोमीटर. तुम्ही शहरातून रिक्षानं निघून बापूकुटीपर्यंत जाल, तेवढं लांब सूत एका कुर्त्यात!

अजून पुढे जाऊ. कुर्त्याचं सूत ३० नंबर बारीकीचं धरलं आणि त्याचा आडवा छेद घेतला तर त्यात शंभर-सव्वाशे तंतू असतात. प्रत्येक तंतू इंचभर. गुणाकार केला की एका कुर्त्यात तीन कोटींहून जास्त तंतू भरतात. तीन कोटी पेशी, ऐंशी-शंभर बोंडांतून हातानं वेचलेल्या, आणि त्यातली एकही दुसरीला बांधलेली नाही. नुसत्या बिलगून आहेत.

आणि वेळ? तासाला तीनशे मीटर कातलं तर नुसत्या सुतालाच २६-२७ तास. १९२४च्या बेळगाव अधिवेशनाच्या सुमारास काँग्रेसच्या सभासदानं महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यावं असं ठरलं होतं. त्या गतीनं एका कुर्त्याला चार महिन्यांहून जास्त लागतील. मागावरचं विणणं, रंगवणं, शिवणं यात धरलेलंच नाही.

विणण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण शिवणाऱ्या बाईची सगळी हुशारी त्याच गोष्टीवर चालते. हातरुमाल घ्या, काठाला धरून ओढा. हलत नाही. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून ओढा. लांबला! कापड तेच. धाग्याच्या दिशेत ते ताठ, आणि तिरकं म्हणजे उरेब धरलं की मऊ, ताणणारं. ताण्या-बाण्याचे चौकोन तिरके ओढले की शंकरपाळ्यासारखे होतात म्हणून. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात काखेखाली एक छोटा चौकोनी तुकडा असतो, तो बरोबर असा तिरका बसतो. हात वर केला की तोच ताणतो आणि बाकीचं कापड शांत राहतं. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने हिनं १९२०च्या दशकात उरेब कापडाच्या पोशाखांनी नाव कमावलं. आपल्याकडे गावच्या शिंप्याला ते काखेतल्या तुकड्यापुरतं का होईना, ठाऊक होतंच.

हातानं घडवलेल्या कपड्यांचं वेड जगभर आहे. आयर्लंडमध्ये सिबिल कॉनोली नावाच्या फॅशन डिझायनरनं १९५०च्या दशकात तिथल्या जवसाच्या कापडाला, लिननला, इतक्या बारीक चुण्या घातल्या, की नऊ वार कापडाचं एक वार व्हायचं. नऊ वार! आपल्याकडे तेवढ्यात एक नेसणं होतं. त्याच देशातल्या डोनेगलच्या लोकरी कापडात रंगीत गुठळ्या मुद्दाम सोडतात, आणि ॲरन बेटांचे विणलेले स्वेटर प्रसिद्ध आहेत. सुयांवरच्या विणकामात ताणा-बाणा नसतोच. एकाच धाग्याचा फास, त्यातून दुसरा फास. म्हणून स्वेटर सगळीकडून ताणतो. पण चरख्यावरून निघालेलं एकेरी सूत सरळ सुयांवर घेतलं तर विणलेला तुकडा एका बाजूला कलतो, कारण कोंडलेला पीळ मोकळा व्हायला बघतो. उपाय? दोन सुतं घेऊन उलट्या दिशेनं एकमेकांवर पिळायची. एकाचा हट्ट दुसरं मोडतं आणि दोघं शांत होतात.

राहिला रंग. कापसावर झाडपाल्याचा रंग सहजासहजी बसत नाही, एका धुण्यात जातो. त्याला मध्यस्थ लागतो, लग्न जुळवणाऱ्या मामासारखा. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवायचं, मग तुरटीच्या. तुरटीतला धातू एका हातानं तंतूला धरतो आणि दुसऱ्या हातानं रंगाला. आता कमाल बघा. तीच डाळिंबाची साल, तेच पातेलं. तुरटी लावलेलं कापड पिवळं निघतं. आणि गूळ व गंजकं लोखंड मुरवून केलेल्या पाण्यातलं कापड गडद, जवळजवळ काळं! स्वयंपाकघरात हे तुम्ही बघितलंय. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात. तोच तुरटपणा, तेच लोखंड. आपण विळी घासत बसतो, रंगारी त्याची साडी करतो.

नीळ तर याहून अजब. ती पाण्यात विरघळतच नाही. तिला चुना-गुळाच्या पिंपात आंबवायचं, म्हणजे ती आपला निळेपणा सोडते आणि विरघळते. कापड बुडवून बाहेर काढलं की हिरवट पिवळं दिसतं. दोरीवर टाका आणि बघत राहा. वारा लागतो आणि डोळ्यांदेखत हिरवं, मग निळं. रंग हवेनं दिला!

वर्ध्यात मगन संग्रहालय समितीच्या 'मगन खादी'त हे सगळे धागे एकत्र येतात: सेंद्रिय कापूस, हातसूत, हातमाग, वनस्पतींचे रंग, आणि या कामात बायकांचे हात. तिथल्या दोन कुर्त्यांचा पिवळा अगदी सारखा मिळावा असा आग्रह धरू नका. पाऊस वेगळा, साल वेगळी, पाणी वेगळं, मग रंगही वेगळा. मला तर तो फरकच हवा असतो.

आणि असा कुर्ता घरी आणलात तर एक करा. आतल्या शिवणीजवळ कापडाचा एखादा धागा लोंबत असेलच. बोटभर तोडून घ्या. दोन्ही चिमटीत धरून ओढा, तो दाद देणार नाही. आता त्याला उलटा पीळ द्या, सावकाश, बोटांत. सगळा पीळ सुटेपर्यंत. धागा सैल होतो, फुगतो, आणि जरा ओढताच दोन होतो. तुमच्या बोटांत कापूस उरतो, पऱ्हाटीवर होता तसा.